एकाच घरात एकच विषाणू, मग व्हेंटिलेटर एकालाच का लागला?

कोथरूडच्या एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. थोडक्यात असा: एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, त्यांच्या माहेरी आठवड्याभरात पाचही जणांना कोविड झाला. एकाहत्तर वर्षांच्या, मधुमेह असलेल्या आईचं चार दिवसांच्या तापावर निभावलं. वडिलांना थोडे दिवस ऑक्सिजन लागला, पण ते घरी आले. वहिनी आणि आठ वर्षांच्या भाच्याला जेमतेम सर्दी झाली. भाऊ मात्र एकोणचाळीस वर्षांचा, दर रविवारी सिंहगड चढणारा, बीपी नाही, शुगर नाही. सातव्या दिवशी त्याचं सॅच्युरेशन घसरलं, एचआरसीटी स्कोअर २५ पैकी १९ आला, व्हेंटिलेटर लागला आणि तो वाचला नाही. ताई विचारतात: हे आमच्या जीन्समध्ये आहे का? माझ्या तेरा वर्षांच्या मुलाची आणि भाच्याची जेनेटिक टेस्ट करून घेऊ का? आणि शेवटी एक ओळ आहे: "आई म्हणते, माझ्याकडूनच त्याच्यात काहीतरी गेलं असणार."

ताई, संसर्गजन्य आजारांच्या ओपीडीत बसून हा प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडून ऐकला आहे. कधी डेंग्यूनंतर, कधी स्वाइन फ्लूनंतर. आधी सरळ उत्तर देते. विषाणूचा आजार कुणाला किती जड जाईल यात जनुकांचा वाटा नक्की आहे. पण तो दोन अगदी वेगळ्या प्रकारांनी असतो, आणि त्यांची गल्लत झाली की नको त्या तपासण्या होतात, हव्या त्या राहून जातात. भाच्याची टेस्ट आत्ता नको. तुमच्या मुलाचीही थेट नको, मात्र तुमच्या बाबतीत एका जनुकाचा विचार करण्यासारखा आहे. त्यावर सविस्तर लिहिते, पण क्रमाने.

जनुकांकडे वळण्याआधी बाकीचा हिशेब करायला हवा. २०२१ मध्ये लस १ मार्चपासून साठीपुढच्यांना, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीपुढच्यांना आणि १ मेपासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना खुली झाली. म्हणजे तुमच्या आई-वडिलांचा पहिला डोस मार्चमध्येच झालेला असू शकतो, आणि एकोणचाळीस वर्षांच्या तुमच्या भावाला तो मिळणं तेव्हा शक्यच नव्हतं. तुम्ही याबद्दल काही लिहिलेलं नाही, पण घरातल्या फरकाचं हे पहिलं आणि मोठं कारण असू शकतं. त्यात तो डेल्टाचा काळ. पुण्यात ऑक्सिजन बेडसाठी लोक रात्र-रात्र फोन फिरवत होते. कुणाच्या शरीरात किती विषाणू शिरला, त्यानं ताप अंगावर किती दिवस काढला, बेड कधी मिळाला, स्टेरॉइड वेळेआधी सुरू झालं का, या सगळ्यांचं वजन मोठं असतं. वयाचं तर फारच. कोविडमध्ये चाळिशीच्या माणसापेक्षा पंचाहत्तरीच्या माणसाला मृत्यूचा धोका दहापटीहून जास्त होता. डेंग्यूमध्ये आधी वेगळ्या प्रकारच्या डेंग्यूचा संसर्ग होऊन गेलेला असेल, तर दुसऱ्या वेळचा आजार जास्त गंभीर होऊ शकतो, आणि तो जनुकांचा नव्हे, जुन्या अँटीबॉडीजचा परिणाम आहे.

तरीही जनुकांचा वाटा उरतोच, आणि याचा एक जुना, फार हुशारीनं केलेला पुरावा आहे. डेन्मार्कमध्ये १९२०च्या दशकात जन्मलेल्या आणि लहानपणीच दत्तक दिलेल्या सुमारे नऊशे साठ मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. हे काम १९८८ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्यांचे जन्मदाते आई किंवा वडील पन्नाशीच्या आत एखाद्या संसर्गानं गेले होते, त्या मुलांना स्वतः संसर्गानं लवकर दगावण्याचा धोका इतरांच्या जवळपास सहापट निघाला. दत्तक घेणारे आई-वडील संसर्गानं गेले असतील, तर मुलांचा धोका वाढलेला दिसला नाही. घर, अन्न, हवा दत्तक आई-वडिलांची, रक्त जन्मदात्यांचं. त्या अभ्यासात धोका रक्ताबरोबर आला. कॅन्सरच्या बाबतीत असं नातं त्या अभ्यासात इतकं ठळक दिसलं नव्हतं, हे ऐकून माझे विद्यार्थी दर वेळी चकित होतात.

आता शरीरात काय होतं ते सांगते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

नवीन विषाणू शिरतो तेव्हा त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडीज तयार नसतात. त्या बनायला आठवडा-दीड आठवडा जातो. तोपर्यंत किल्ला लढवतं ते इंटरफेरॉन. १९५७ मध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी ते शोधलं. पेशीत विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, दिसला की तिथले पहारेकरी रेणू तो ओळखतात. टीएलआर-३ आणि टीएलआर-७ ही त्यातली दोन नावं लक्षात ठेवा. ते आतल्या आत निरोप देतात, आयआरएफ-७ सारखी प्रथिनं जागी होतात आणि पेशी इंटरफेरॉन बाहेर सोडते. सोसायटीत चोर शिरला की वॉचमन शिट्टी मारतो आणि बाकीचे लोक आपापली दारं लावून घेतात, तसंच हे आहे. शेजारच्या पेशींवर आयएफएनएआर नावाचे ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे निरोप पकडणारे रेणू, असतात. इंटरफेरॉन त्यांना चिकटलं की टीवायके-२ सारख्या प्रथिनांमार्फत निरोप पेशीच्या केंद्रकात जातो आणि शेकडो जनुकं चालू होतात. त्यातलं ओएएस-१ विषाणूचा आरएनए तोडायला लावतं, आयएफआयटीएम-३ फ्लूच्या विषाणूला पेशीच्या आत उतरू देत नाही.

हे सगळं पहिल्या दोन-तीन दिवसांत, रुग्णाला अंगदुखीपलीकडे काही जाणवायच्या आत व्हायला हवं. तिथे उशीर झाला की विषाणू मोकाट वाढतो. मग सहाव्या-सातव्या दिवशी शरीराची उरलेली प्रतिकारयंत्रणा एवढ्या जोरानं तुटून पडते की फुप्फुसाचंच नुकसान होतं. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी ऐकलेलं ते "सायटोकाइन वादळ" बहुतेक वेळा या सुरुवातीच्या उशिराची परिणती असतं. तुमच्या भावाचं सॅच्युरेशन सातव्या दिवशी घसरलं, ते याच टप्प्यावर.

पहिला प्रकार: एकाच जनुकातला दुर्मीळ पण मोठा दोष. एका फ्रेंच मुलीची गोष्ट यात फार मोलाची आहे. ती अडीच वर्षांची असताना साध्या फ्लूनं तिची फुप्फुसं निकामी व्हायची वेळ आली. तोवर ती अगदी तंदुरुस्त होती. तिचे आई-वडीलही ठणठणीत. २०१५ मध्ये पॅरिसच्या ज्याँ-लोराँ कासानोव्हा यांच्या गटानं दाखवून दिलं की तिच्या आयआरएफ-७ या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या, एक बिघाड आईकडून आलेला, एक वडिलांकडून. आई-वडिलांकडे प्रत्येकी एक चांगली प्रत असल्यामुळे त्यांना काहीच झालं नव्हतं. पुणेकरांना २००९ चा ऑगस्ट आठवत असेल. एच१एन१ नं, म्हणजे स्वाइन फ्लूनं, देशातला पहिला मृत्यू इथे झाला, तोही चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा, आणि नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या. तेव्हा आम्ही डॉक्टर "तरुण, निरोगी माणसाला फ्लूनं असं कसं होतं?" या प्रश्नापाशी अडकलो होतो. त्या फ्रेंच मुलीच्या अभ्यासानं तरुणांमधल्या गंभीर फ्लूकडे बघण्याची एक नवी वाट उघडली.

त्याच गटाचं आधीचं एक काम मला आणखी महत्त्वाचं वाटतं. हर्पिस सिम्प्लेक्स हा विषाणू आपल्यातल्या बहुसंख्य प्रौढांच्या अंगात आयुष्यभर असतो. तापात ओठावर पुरळ येतं, तो हाच. पण काही लाखांत एखाद्या माणसाच्या, बऱ्याचदा लहान मुलाच्या, मेंदूला तो सूज आणतो आणि मूल कायमचं अधू होतं किंवा जातं. २००६-०७ मध्ये दिसलं की यातल्या काही मुलांमध्ये टीएलआर-३ च्या मार्गातलं एखादं जनुक बिघडलेलं असतं. हीच मुलं गोवर, कांजिण्या, सर्दी-खोकला इतरांसारखाच पचवतात. त्यांची प्रतिकारशक्ती "कमी" नसते. फक्त मेंदूच्या पेशींना, फक्त या विषाणूविरुद्ध, इंटरफेरॉनची हाक वेळेवर देता येत नाही.

म्हणूनच "याची इम्युनिटी स्ट्राँग, त्याची वीक" ही आपल्याकडची भाषा मला खटकते. प्रतिकारशक्ती ही एका पट्टीवर मोजायची गोष्ट नाही. सिंहगड न दमता चढणं हे हृदय आणि फुप्फुसांचं काम आहे. टीएलआर-७ चालतं की नाही, याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. तुमच्या भावानं तब्येतीची हेळसांड केली नव्हती. काढे, च्यवनप्राश, व्यायाम कमी पडला म्हणून तो गेला, असं कुणी घरात म्हणत असेल तर त्यांना हे जरूर सांगा.

कोविडच्या वर्षात हे शास्त्र खूप वेगानं पुढे गेलं. २०२० मध्ये गंभीर कोविड झालेल्या ६५९ रुग्णांची जनुकं तपासली, तेव्हा त्यांतल्या २३ जणांमध्ये, म्हणजे साडेतीन टक्क्यांमध्ये, इंटरफेरॉनच्या मार्गातलं कुठलं ना कुठलं जनुक नादुरुस्त निघालं. त्याच वर्षी नेदरलँड्समधून दोन कुटुंबांची माहिती आली. दोन्ही घरांत दोन-दोन सख्खे भाऊ, सगळे विशी-तिशीतले आणि आधी निरोगी. चौघांनाही व्हेंटिलेटर लागला, एक जण दगावला. चौघांमध्ये टीएलआर-७ बिघडलेलं होतं. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. पुरुषाकडे एक्स एकच, त्यामुळे ती प्रत बिघडली तर बदली प्रत नाही. बाईकडे दोन एक्स असल्यानं तिला सहसा काही जाणवतही नाही. नंतरच्या मोठ्या अभ्यासात, साठीच्या आतल्या आणि अत्यवस्थ झालेल्या पुरुषांपैकी सुमारे एक टक्क्यात टीएलआर-७ चा दोष सापडला.

याच्याही पेक्षा मोठा धक्का अँटीबॉडीजचा होता. अत्यवस्थ झालेल्या ९८७ कोविड रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटीबॉडीज आढळल्या. त्यात ९५ पुरुष होते. ज्यांना सौम्य किंवा लक्षणंच नसलेला कोविड झाला होता, अशा ६६३ जणांमध्ये एकाकडेही त्या नव्हत्या. जनुक शाबूत, इंटरफेरॉनही तयार होतं, पण ते रक्तातच अडवलं जातं. निकाल शेवटी तोच, उशीर. या अँटीबॉडीज सत्तरीनंतर झपाट्यानं वाढतात आणि बहुतेक वेळा त्या आनुवंशिक नसतात. अचानक अत्यवस्थ झालेल्या माणसामागे नेहमी "घराण्यातला दोष" असतोच असं नाही, एवढं यातून ध्यानात घ्या.

दुसरा प्रकार अगदी निराळा: लाखो लोकांमध्ये असणारे, प्रत्येकी थोडासाच फरक करणारे बदल. वर्तमानपत्रात गाजतात ते हेच. २०२० मध्ये युरोपातल्या रुग्णांच्या अभ्यासात तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा गंभीर कोविडशी जोडलेला दिसला. ह्यूगो झेबर्ग आणि स्वान्ते पेबो या जनुकशास्त्रज्ञांनी काही महिन्यांतच दाखवलं की डीएनएच्या सुमारे पन्नास हजार अक्षरांचा हा तुकडा आपल्या पूर्वजांना आता नामशेष झालेल्या निअँडरथल मानवांकडून मिळाला आहे. युरोपात तो सुमारे १६ टक्के लोकांकडे आहे, दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांकडे. ही बातमी इथे आली तेव्हा "भारतीयांना कोविडचा जनुकीय शाप" अशा अर्थाचे मेसेज फिरले होते.

पण हिशेब करून बघा. त्या तुकड्याच्या एका प्रतीनं गंभीर आजाराचा धोका साधारण १.६ पट होतो. निम्म्या लोकांकडे तो आहे असं धरलं, तर लक्ष्मी रोडवरून चालणाऱ्या दर दोन माणसांमागे एकाकडे तो असणार. त्यांतल्या बहुतेकांना कोविड होऊन गेला आणि आठवड्यात ते कामावर रुजू झाले. तुमच्या घरात तुमची आई, वडील, भाऊ यांपैकी कुणाकडेही, किंवा सगळ्यांकडेही, तो असू शकतो, आणि त्यावरून कोण वाचेल ते सांगता येत नाही. शिवाय याच निअँडरथल पूर्वजांकडून बाराव्या गुणसूत्रावरचा एक तुकडाही आला आहे. त्यात ओएएस-१ आहे, आणि तो गंभीर कोविडचा धोका सुमारे २२ टक्क्यांनी कमी करतो. ओ रक्तगटाला धोका किंचित कमी असल्याचंही त्याच काळात दिसलं, पण तो फरक इतका लहान आहे की रक्तगट बघून कुणी निर्धास्त राहू नये किंवा घाबरू नये.

असे बदल इतर विषाणूंतही भरपूर आहेत. व्हिएतनाममधल्या मुलांच्या मोठ्या अभ्यासात, २०११ मध्ये, एमआयसीबी आणि पीएलसीई-१ या दोन जनुकांतले बदल डेंग्यू शॉकशी, म्हणजे डेंग्यूत रक्तदाब कोसळण्याशी, जोडलेले आढळले. आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या संशोधकांनीही इथल्या डेंग्यूच्या रुग्णांमध्ये ड जीवनसत्त्वाच्या ग्राहकाचं जनुक, प्रतिकारयंत्रणेला संसर्ग दाखवून देणारी एचएलए जनुकं असे धागे तपासले आहेत. जुलाब-उलट्या करणाऱ्या नोरोव्हायरसचे बरेच प्रकार, ज्यांचं एफयूटी-२ जनुक बंद असतं त्यांना सहसा लागतच नाहीत. एचआयव्हीत सीसीआर-५ या जनुकाच्या दोन्ही प्रतींतली ३२ अक्षरं गाळली गेलेली असतील, तर नेहमीच्या प्रकारचा विषाणू पेशीत शिरूच शकत नाही. हे १९९६ मध्ये कळलं, आणि पुढे अशाच दात्याच्या रक्त बनवणाऱ्या मूलपेशी मिळाल्यामुळे टिमथी रे ब्राउन हा रुग्ण एचआयव्हीमुक्त झाला. उत्तर युरोपात शंभरात एखाद्याकडे असणारी ही देणगी भारतात जवळजवळ नाहीच. भोसरीच्या एड्स संशोधन संस्थेच्या कामाबद्दल ऐकून लोक मला विचारतात, की आपल्यातही असे जन्मजात सुरक्षित लोक असतील ना? या बदलाच्या भरवशावर तरी कुणी राहू नये.

हिपॅटायटिस सी चं उदाहरण वेगळ्या कारणासाठी सांगते. २००९ मध्ये एकोणिसाव्या गुणसूत्रावर, लॅम्डा इंटरफेरॉनच्या जनुकांजवळ एक बदल सापडला. इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांनी कोण बरं होईल, याचा त्यावरून खरोखर अंदाज येत असे, आणि काही वर्षं ही टेस्ट उपचार ठरवायला वापरली गेली. मग थेट विषाणूवर काम करणाऱ्या गोळ्या आल्या, जवळपास सगळेच रुग्ण बरे होऊ लागले आणि टेस्टची गरजच संपली. जनुकांचा अभ्यास उपयोगी पडतो तो बऱ्याचदा असा, प्रत्येक माणसाच्या टेस्टमधून नाही, तर औषध कुठे मारा करणार हे समजल्यामुळे. कोविडमध्ये ब्रिटनच्या आयसीयूतल्या रुग्णांच्या जनुकीय अभ्यासात टीवायके-२ आणि आयएफएनएआर-२ ही नावं पुढे आली. त्याच मार्गाला, नंतरच्या वादळाच्या टप्प्यात, आवर घालणारं बॅरिसिटिनिब हे संधिवाताचं औषध पुढे मोठ्या चाचणीत मृत्यू कमी करताना दिसलं. भारतात त्याला मे २०२१ मध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली. तुमच्या भावाच्या आजारपणानंतर काही दिवसांनी मिळाली, हे लिहिताना मला वाईट वाटतं.

मग जेनेटिक टेस्ट कुणाची करावी? मी माझी पद्धत सांगते. ओपीडीत कोरा कागद घेते आणि वंशावळ काढते. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. नवरा-बायको लग्नाआधीपासून नात्यात असतील तर दोघांमध्ये दुहेरी रेघ. आपल्याकडे मामाच्या किंवा आत्याच्या घरी दिलेल्या मुली काही थोड्या नाहीत, त्यामुळे "माहेर आणि सासर आधीपासून नात्यातलं का?" हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते. लोकांना तो खासगी वाटतो, पण एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडायला हीच वाट सगळ्यात जवळची असते.

एका जोडप्याचा कागद मला लख्ख आठवतो. सोलापूरकडचं कुटुंब, मामेभावाशी लग्न झालेलं, मध्ये दुहेरी रेघ. खाली पहिल्या मुलाचा चौकोन, त्यावर तिरकी रेघ: "दोन वर्षांचा असताना ताप डोक्यात गेला." दुसरी मुलगी समोर आईच्या मांडीवर, पंधरा दिवस न उतरणारा ताप, बेंबीपर्यंत लागणारी पांथरी, प्लेटलेट घसरलेल्या आणि शरीरातली जळजळ दाखवणारं फेरिटिन कित्येक हजारांत. तपासणीत निघाला तो एपस्टाइन-बार विषाणू, जो बहुतेक मुलांना सर्दी-तापासारखा होऊन जातो. नमुने मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत गेले. संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या लढाऊ पेशींना लागणारं परफोरिन हे प्रथिन तिच्यात जवळजवळ नव्हतं. अशा पेशी विषाणूला संपवू शकत नाहीत आणि थांबतही नाहीत, त्यामुळे शरीर स्वतःलाच खात सुटतं. निदान झालं म्हणून योग्य औषधं लगेच सुरू झाली, अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विचार करता आला, आणि पुढच्या गरोदरपणात अकराव्या-बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करण्याचा मार्ग त्या आईला मिळाला. "ताप डोक्यात गेला" या एका वाक्यामागे काय दडलं होतं, ते दुसऱ्या मुलीमुळे कळलं. जनुक तपासणीचं खरं मोल मी तिथे पाहिलं.

म्हणून ज्या घरात एखादं मूल किंवा तरुण माणूस नेहमीच्या विषाणूनं अकारण अत्यवस्थ होतं, तेच पुन्हा होतं, भावंडांपैकी कुणी लहानपणी संसर्गानं गेलेलं असतं, आई-वडील नात्यातले असतात, किंवा जिवंत विषाणू असलेल्या (उदाहरणार्थ गोवराच्या) लसीनंतर मूल खरोखर गंभीर आजारी पडतं, तिथे मी तपासणीचा आग्रह धरते. लसीचं वाचून घाबरू नका. इंटरफेरॉनच्या ग्राहकात दोष असलेली अशी मुलं अत्यंत विरळ असतात, आणि त्यांना खऱ्या गोवराचा धोका लसीहून कितीतरी मोठा. बाकीच्या मुलांच्या लसी चुकवायला हे कारण कधीच होत नाही.

थुंकी पाठवून "तुमची व्हायरल इम्युनिटी जाणून घ्या" म्हणणाऱ्या किटवर एक रुपयाही खर्च करू नका. ते वर सांगितलेले दुसऱ्या प्रकारचे बदल मोजतात, आणि तेही बहुतांश युरोपीय लोकांच्या अभ्यासांवरून. भारतीय जनुकांची नोंद आता कुठे वाढते आहे. दहा हजार भारतीयांच्या जीनोम इंडिया प्रकल्पाची माहिती २०२५ च्या सुरुवातीला संशोधकांना खुली झाली. तोवर, आणि त्यानंतरही काही काळ, पूर्ण जनुक तपासणीच्या रिपोर्टमध्ये "अनिश्चित अर्थाचा बदल" हे शब्द खूप वेळा येणार. त्याचा अर्थ दोष सापडला असा नाही. तो शब्द वाचून रात्रभर इंटरनेटवर शोधत बसलेले पालक मी पाहिले आहेत, त्यांना त्या त्रासातून वाचवता आलं असतं.

आता तुमच्या घराकडे येते. तुमच्या भावाला कोविडपूर्वी कधी न्यूमोनियानं किंवा तापानं आयसीयूत ठेवावं लागलं नव्हतं, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. त्याच्या वयाच्या, अत्यवस्थ झालेल्या पुरुषात टीएलआर-७ चा दोष असण्याची शक्यता शंभरात एक-दीड इतकीच. लस नसणं, डेल्टा, कदाचित उशिरा मिळालेला बेड यांनी बाकीचं चित्र पूर्ण होऊ शकतं.

पण तो एक टक्का धरून चालूया, कारण त्यातून भाच्याबद्दल एक गोष्ट पक्की कळते. मुलाला वडिलांकडून वाय गुणसूत्र मिळतं, एक्स मिळत नाही. त्यामुळे तुमच्या भावात टीएलआर-७ चा दोष असलाच, तरी तो भाच्यात वडिलांकडून येऊच शकत नाही. हे वहिनींना आजच सांगा. इतर जनुकांच्या दोषांसाठी आठ वर्षांच्या निरोगी मुलाची तपासणी मी करणार नाही. कोविड त्यानं सर्दीवर निभावला आहे, ही त्याच्याबद्दलची उत्तम हिस्टरी आहे.

प्रश्न आला तर तो तुमच्या मुलाचा येतो. भावाचा एक्स आईकडून आला. आई वाहक, म्हणजे बिघडलेली एक प्रत बाळगूनही स्वतः निरोगी, असतील तर तुम्ही वाहक असण्याची शक्यता निम्मी, आणि तुमच्या मुलाला ती प्रत मिळण्याची शक्यता एक चतुर्थांश. पण हे "आई वाहक असतील तर" आहे, आणि ती मूळ शक्यताच शंभरात एखादी. शिवाय असा बदल कधीकधी मुलातच नव्यानं घडतो, आईकडे तो नसतोच. या आकड्यांवर मी तुम्हाला तपासणी कराच असं म्हणणार नाही. त्याला दर वर्षी फ्लूची लस द्या. वयाप्रमाणे बाकीच्या लसी पूर्ण करा. आणि कुठल्याही विषाणूच्या तापात पाचव्या-सहाव्या दिवशी दम लागला, सॅच्युरेशन ९४ च्या खाली गेलं, तर वाट न बघता रुग्णालयात नेऊन मामाची हिस्टरी पहिल्या वाक्यात सांगा.

तरीही मनातून जात नसेल, तर तपासणी कुणाची करायची हे नीट ठरवा. मुलाची नको, तो अजून स्वतःसाठी निर्णय घ्यायच्या वयाचा नाही. आईची नको. त्या आधीच स्वतःला दोष देत आहेत, आणि आपल्याकडून काही गेलं असलं तरी ते देणं-न देणं कुठल्याही आईच्या हातात नसतं, हे रिपोर्टच्या कागदानं त्यांना पटणार नाही. तुमचं स्वतःचं रक्त द्या, जांभळ्या झाकणाची एक नळी पुरते, आणि फक्त टीएलआर-७ जनुक पूर्ण वाचून घ्या. द्यायच्या आधी आणि रिपोर्ट आल्यावर जनुक समुपदेशकाशी बोला. पुण्यात मोठ्या रुग्णालयांत ते भेटतात. तुमच्या दोन्ही प्रती चांगल्या निघाल्या, तर तुमच्या मुलापुरता हा प्रश्न तिथेच मिटतो आणि आईंपर्यंत तो न्यायची गरजही राहत नाही.